धरणाची टक्केवारी कळली, तब्येत कोण विचारणार?



पावसाळ्यात आपल्या मेसमध्ये एक प्रश्न रोज हमखास कानावर पडतो, "विष्णुपुरी किती भरलं रे?" लातूरकडची मुलं लगेच विचारतात, "आणि मांजरा?" पेपरातही चौकट ठरलेली असते. अमुक धरण ६० टक्के, तमुक ८५ टक्के. शंभर झाले की जलपूजन, नारळ, फोटो... पण ते धरण स्वतः कसं आहे, भरावाला भेगा आहेत का, सांडवा मोकळा आहे का, हे कुठल्या चौकटीत छापून येतं? मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आधी एक कबुली देते. मी लातूरच्या कॉन्व्हेंटची. मराठी म्हणजे शाळेत शंभर मार्कांचा एक पेपर, एवढीच ओळख. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय इंग्रजी विभागात लिहिला असता तर माझ्या मामाला वाचता आला नसता, आणि हा लेख खरं तर त्याच्यामुळेच लिहिलाय.

आम्हा लातूरकरांना पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. मी तेव्हा दहा वर्षांची होते. घरी भांडी घासलेलं पाणी संडासला आणि अंघोळीचं पाणी फरशीला, असा हिशोब चालायचा. त्यामुळे 'धरण भरलं' या दोन शब्दांनी आमच्याकडे डोळ्यांत पाणी येतं. भरलेलं धरण धोक्याचंही असू शकतं, हे कुणी सांगितलं तर ऐकून घ्यायची आमची तयारी नसते. माझीही नव्हती.

आईचं माहेर अहमदपूरच्या बाजूला. गावाला एक छोटा साठवण तलाव आहे. मातीचा भराव, एका टोकाला सांडवा. गावची नळयोजना त्याच्यावरच. २०२३ साली पाऊस रुसला, तेव्हा गावातल्या लोकांनी ठरवलं की जाणारं पाणी अडवायचं. सांडव्यावर वाळूची पोती रचली, वर दगड लावले. दोन फूट पाणी जास्त थांबणार! माझा मामा त्यात पुढे होता. गावात कौतुक झालं. मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, मी अंगठा दाखवून मोकळी झाले.

मग आला २०२५ चा सप्टेंबर. मराठवाड्यात त्या महिन्यात पावसाने काय केलं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. एका रात्री अकराच्या सुमाराला मामाचा फोन आला. मागे पावसाचा आवाज, माणसांची ओरड. तो म्हणाला, "पाणी भरावाच्या माथ्याखाली हातभर राहिलंय. तू इंजिनियर व्हायलीस ना, सांग, पोती काढू का राहू देऊ? काढली तर दोन वर्षं जपलेलं पाणी जायलंय."

खरं सांगते, मला मिनिटभर बोलता आलं नाही. हायड्रॉलिक्सला मला चांगले मार्क आहेत. सांडव्यावरून जाणारा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घातात बदलतो, हे मी परीक्षेत चार वेळा लिहिलंय. पण त्या रात्री पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला. सांडव्याच्या काठापासून भरावाच्या माथ्यापर्यंत चार फूट असतील आणि त्यातले दोन पोत्यांनी खाल्ले, तर पाणी वाहून न्यायची ताकद निम्मी होत नाही, जवळपास एक तृतीयांशावर येते. उरलेलं पाणी जाणार कुठे? भरावावरून. आणि मातीच्या धरणावरून एकदा पाणी वाहू लागलं की माती धुपून जाते, मग ते कुणाच्या हातात राहत नाही.

मी म्हटलं, "मामा, काढा. आत्ता काढा. पण आधी खालच्या वस्तीवरच्या लोकांना उठवा."

तो म्हणाला, "ते तर मघाशीच उठवलेत."

बघा, माझ्या पुस्तकात जे शेवटच्या धड्यात आहे ते त्याने आधीच केलं होतं. आणि जे माझ्या पहिल्या धड्यात आहे ते त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. दोघांची गाठ पडली ती रात्री अकराला, भर पावसात. पोती काढली, भराव टिकला. पण गाठ अशा वेळी पडावी का, हा माझा प्रश्न आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी तलावावर गेले. भरावाच्या पायथ्याला एक छान झरा लागलेला. बायका तिथे धुणं धुवायल्या होत्या. "बारा महिने पाणी यायलंय की!" एक आजी आनंदाने म्हणाली. मी घाबरले. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच, ते नितळ असेल तर लक्ष ठेवायचं. पण तेच पाणी गढूळ यायला लागलं तर ते आतून माती घेऊन येतंय, म्हणजे धरण पोटातून पोखरलं जातंय. मी काचेच्या ग्लासात पाणी धरून पाहिलं. नितळ होतं. हुश्श! पण उद्या गढूळ झालं तर ते कोण बघणार? मामाला घेऊन एका कार्यालयात गेले. ते म्हणाले, हा तलाव आमच्याकडे नाही. दुसऱ्या कार्यालयात गेलो, तिथेही तेच. मोठी धरणं जलसंपदाकडे, लहान तलाव काही जिल्हा परिषदेकडे तर काही जलसंधारणकडे. पाण्यावर हक्क सांगायला सगळे, भरावावरचं झुडूप काढायला कुणीच नाही!

कायदा नाही असं नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. त्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची आहे. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक धरणांना लागू आहे. मोठी धरणं देशात सगळ्यात जास्त आपल्याच राज्यात आहेत, दोन हजारांच्या वर. त्यांचीच तपासणी करताना दमछाक होत असेल, तर मामाच्या गावच्या आठ-नऊ मीटरच्या भरावाला कोण विचारतो?

कुणी म्हणेल, एवढ्याशा तलावाने काय होणार? तिवरे धरणही लघु प्रकल्पच होता. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरलं असं सांगितलं आणि राज्यभर थट्टा झाली. मला विचाराल तर थट्टा चुकीच्या गोष्टीची झाली. खेकडे, घुशी, उंदीर भराव पोखरतात, हे खरंच आहे. म्हणून तर दरवर्षी भरावावरून चालत जाऊन बिळं बुजवायची असतात! खेकडा त्याचं काम करतो, आपण आपलं करत नाही.

आपल्या मराठवाड्यात तर धोका दुहेरी आहे. भरावाच्या पोटात बहुतेक काळी चिकणमाती असते. ओली असते तोवर ती पाणी धरते, पण दुष्काळात दोन-तीन वर्षं वाळली की आपल्या शेतासारखीच तिला भेगा पडतात. मग एकाच पावसात तलाव तुडुंब भरतो आणि त्या भेगांची परीक्षा होते. म्हणजे दुष्काळात धरणाला सुट्टी नसते, उलट तेव्हाच ते आजारी पडतं. आणि तेव्हाच आपण त्याच्याकडे पाठ फिरवतो, कारण टक्केवारी शून्य!

पोती रचणाऱ्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. ती हाव नव्हती, तहान होती. ज्याने रेल्वेचं पाणी प्यायलंय त्याने त्यांना नावं ठेवू नयेत. पण तहानेला गणित समजावून सांगणारं कुणीतरी गावात हवं. ते कुणीतरी आपण का नसावं?

आपल्या कॉलेजचं एनएसएसचं शिबिर दरवर्षी होतं. रस्ता झाडतो, रोपं लावतो (पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात परत लावतो!), पथनाट्य करतो. माझी सूचना साधी आहे. मे महिन्यात घरी जाल तेव्हा आपापल्या गावच्या तलावाच्या भरावावरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. सहा गोष्टी वहीत लिहा. माथ्यावर लांब भेग किंवा बसलेली जागा आहे का? भरावावर बाभळी वाढल्यात का (मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते)? पाण्याच्या बाजूचे पिचिंगचे दगड कुणी जोत्यासाठी नेलेत का? बिळं आहेत का? पायथ्याचं पाणी नितळ आहे की गढूळ? सांडवा मोकळा आहे का आणि मोरीचं गेट फिरतं का? फोटो काढा, ग्रामसभेत द्या, पोच घ्या. सरांना विनंती आहे की दरवर्षी निदान दहा तलावांच्या अशा नोंदी विभागात फाईल करून ठेवाव्यात. सबमिशनसाठी आपण एकमेकांचे जर्नल उतरवतो, त्यापेक्षा हे बरं नाही का?

आपण दुरुस्ती करू शकणार नाही, मान्य. भरावावरचं मोठं झाड उपटायला किंवा झरा बुजवायला तर मुळीच जाऊ नका, ते जाणकारांचं काम. पण 'आम्हाला माहीत नव्हतं' हे वाक्य तरी कुठल्या कार्यालयाला बोलता येणार नाही.

मामाने आता सांडव्याच्या भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटने रेघ मारली आहे. खाली लिहिलंय, 'याच्या वर काही ठेवू नये.' परवा फोन केला तर विचारत होता, "रेघ बरोबर जागी हाय ना?"

मी म्हटलं, "मे महिन्यात येते, बघू." तुम्हीही आपापल्या गावी जाऊन बघा.

– तृतीय वर्ष, स्थापत्य