वेळेचें नियोजन कीं वेळेची वांटणी?

मुलांबाळांच्या संसारांत गुंतलेल्या स्त्रियांना वेळेचें नियोजन शिकविणाऱ्या पुस्तकांची व व्याख्यानांची सध्यां मोठी चलती आहे. पहांटे एक तास लवकर उठा, कामांची यादी करा, महत्त्वाचें आधीं व किरकोळ मागून घ्या, म्हणजे मुलें, नोकरी आणि स्वयंपाक हीं तिन्हीं सुरळीत चालतील, असा या उपदेशाचा मथितार्थ असतो. उपदेश निरुपद्रवी दिसतो. परंतु त्याच्या बुडाशीं एक गृहीत गोष्ट लपलेली आहे. ती ही कीं, बाईला वेळ अपुरा पडतो तो तिला तो वापरतां येत नाहीं म्हणून. हें मला साफ नाकबूल आहे.

आंकडे पाहावे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें खर्च होत होतीं, पुरुषांचीं ९७. २०२४ च्या पाहणींत हेच आंकडे २८९ व ८८ असे आले. म्हणजे पांच वर्षांत दोहोंमधील अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर उतरलें! शिवाय ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच आहे. ज्या पुरुषानें त्या दिवशीं पाण्याचा पेलाही विसळला नाहीं, तो या हिशेबांत धरलेलाच नाहीं. मुलांचें संगोपन तर निराळेंच मोजलें आहे. पहांटे एक तास लवकर उठून हें अंतर भरून निघेल काय?

मी हें परक्यासारखें लिहीत नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत मी घरूनच शिकवीत होतों, आणि माझी पत्नीही. माझा वर्ग अभ्यासाच्या खोलींत, दार लावून, चाले. तिचा स्वयंपाकाच्या ओट्यापाशीं, फोन डब्याला टेकवून. धाकट्याला शाळेच्या तासांत कांहीं अडलें, तर तो माझ्या बंद दारावरून पुढें तिच्याकडे जाई. तिची त्रेधा पाहून मीं मोठ्या आस्थेनें एक वेळापत्रक आंखून दिलें. सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत, रकाने पाडून. तिनें तें शांतपणें वाचलें आणि विचारलें, "यांत तुमचें नांव कोणत्या रकान्यांत आहे?" इतकीं वर्षें विद्यार्थ्यांना प्रश्न घालणाऱ्या मला या प्रश्नाचें उत्तर सुचलें नाहीं.

यादीनें गोंधळ कमी होतो, हें कोणीं नाकारावें? परंतु यादी कामें क्रमानें लावते. तीं कोणाचीं, हें ती सांगत नाहीं. अग्रक्रमाची खरी परीक्षा मुलाला ताप येतो त्या सकाळीं होते. त्या दिवशीं रजा कोणीं घ्यावयाची? ज्या घरांत याचें उत्तर न विचारतां ठरलेलें असतें, तेथें अग्रक्रम आधींच लागलेले आहेत; बाईच्या हातीं त्यांची केवळ अंमलबजावणी उरते.

"मी घरांत मदत करतों," असें आपण सुशिक्षित पुरुष अभिमानानें म्हणतों. हा शब्दच मुळांत खोटा आहे. मदत दुसऱ्याच्या कामांत करावयाची असते. शिवाय मदतनीसाला काम सांगावें लागतें. म्हणजे दूध संपलें, लसीची तारीख आली, शाळेची फी राहिली, हें सारें ध्यानांत ठेवण्याचें ओझें सांगणारीच्याच डोक्यावर राहतें. तें ओझें घड्याळावर मोजतां येत नाहीं.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच कीं, नुसतीं कामें वांटूं नका, जबाबदाऱ्या वांटा. मुलाची शाळा बापाकडे असेल तर डबा, फी, सूचना, पालकसभा हें सर्व आठवणीसकट त्याच्याकडे असावें. आणि तो चुकला तर चूक त्याचीच ठरावी. आमच्या घरीं ही वांटणी झाली तेव्हां पहिल्याच खेपेस मी फी भरण्यास विसरलों. पत्नीनें आठवण केली नाहीं. दंड भरला, आणि पुन्हां विसरलों नाहीं. एवढें झाल्यावर आईनें आपल्या उरल्या वेळेचें नियोजन खुशाल करावें, किंवा करूं नये. दुपारीं अर्धा तास ती नुसती खिडकीशीं बसून राहिली, तर तिला उपदेशाचें पुस्तक कोणीं आणून देऊं नये.