पेला भरणारे हात आणि बाटलीवरचे नाव

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी दारूच्या इतिहासात कशाला डोके घालायचे, असे काही मित्र विचारतील. दारू पिऊ नये हे आमचे मत पक्के आहे. वस्त्यांमध्ये तिने किती संसार बसवले ते आम्ही रोज पाहतो. पण ज्या धंद्यावर जगातल्या बलाढ्य कंपन्या उभ्या आहेत, त्याच्या पायात कोणाचे श्रम गाडले गेले हे तपासायला पेला तोंडाला लावावा लागत नाही.

कॉकटेलचा इतिहास सांगणाऱ्यांचे टप्पे ठरलेले असतात. १८०६ मध्ये अमेरिकेतल्या हडसन गावच्या वृत्तपत्राने 'कॉकटेल' म्हणजे काय ते छापले. १८६२ मध्ये जेरी थॉमसचे पेये बनवण्याचे पुस्तक आले आणि तो या कलेचा जनक ठरला. मग १८६६, म्हणजे जॅक डॅनियलची कंपनी सांगते ते तिचे स्थापनेचे साल. मग १९२० ची दारूबंदी, १९३३ मध्ये ती उठणे. या यादीत सगळी नावे गोऱ्यांची.

जॅक डॅनियलचेच घ्या. टेनेसी राज्यातल्या लिंचबर्गजवळ डॅन कॉल नावाचा धर्मोपदेशक होता. त्याचे दुकान होते आणि व्हिस्कीची भट्टीही. कामाला आलेल्या पोरक्या जॅकला त्याने व्हिस्की गाळायला शिकवले, अशी कथा कित्येक वर्षे सांगितली गेली. भट्टी प्रत्यक्षात चालवत होते नेथन 'निअरेस्ट' ग्रीन, मालकाने भाड्याने दिलेले गुलाम. भाड्याने! बैल भाड्याने देतात तसे. जॅक शिकला तो त्यांच्या हाताखाली. शुगर मेपल या झाडाच्या कोळशातून व्हिस्की थेंब थेंब गाळायची, ही त्या भागातल्या व्हिस्कीची ओळख; या कामातले ग्रीन हे जाणकार. गुलामगिरी संपल्यावर जॅकने स्वतःची भट्टी काढली तेव्हा तिचे पहिले मुख्य कारागीर तेच होते, आणि त्यांची मुलेही तिथेच राबली.

हा इतिहास हरवला होता, असे म्हणतात. तो हरवलेला नव्हता. १९६७ च्या जॅक डॅनियलच्या चरित्रात ग्रीन यांचे नाव छापलेले आहे. नाव माहीत असूनही सांगायचे नाही, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

दुसरे नाव जॉन डॅबनी. व्हर्जिनियातल्या रिचमंडचे. बर्फाचा चुरा घालून ते जो मिंट ज्युलेप बनवत, त्याची ख्याती दूरवर होती. ते गुलाम होते. कमाईतला काही हिस्सा मात्र त्यांना ठेवता येई. त्यातून त्यांनी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि स्वतःच्या किमतीचे हप्ते सुरू केले. तेवढ्यात युद्ध संपले, गुलामगिरी गेली. तरीही त्यांनी उरलेली रक्कम जुन्या मालकिणीला नेऊन दिली. गोऱ्यांच्या रिचमंडने या प्रामाणिकपणाचे तोंडभरून कौतुक केले. आम्हाला हे कौतुक चीड आणते. डॅबनींचा शब्द डॅबनींचा होता, त्याबद्दल आम्ही काय बोलावे? पण माणसाची किंमत वसूल करणाऱ्याला कोणी बेइमान म्हटले नाही. हिशेब उलटा होता. आयुष्यभराच्या मजुरीचे देणे मालकिणीकडे निघत होते. 'इमानदार' गड्याची स्तुती आपल्याकडच्या वाड्यांवरही अशीच होत आली आहे.

तिसरे टॉम बुलक, सेंट लुईसच्या गोऱ्या श्रीमंतांच्या क्लबात पेये बनवणारे. १९१३ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी आपल्याला दारुडा म्हणणाऱ्या संपादकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. साक्षीत ते म्हणाले, त्या क्लबात मी ज्युलेप थोडासाच घेतला होता. सेंट लुईसच्या एका दैनिकाने टर उडवली : टॉमच्या हातचा ज्युलेप अर्धा टाकणारा माणूस कोणी पाहिला आहे? त्याच अग्रलेखात बुलक यांना सर्वश्रेष्ठ म्हटले होते, पण कोणत्याही वंशाच्या, रंगाच्या वा दास्याच्या स्थितीतल्या माणसांमध्ये, असे म्हणून. स्तुती करतानाही रंग आणि दास्य आठवलेच. १९१७ मध्ये बुलक यांनी 'द आयडियल बारटेंडर' हे पुस्तक काढले. अमेरिकेत कृष्णवर्णीयाने लिहिलेले हे या विषयावरचे पहिले पुस्तक मानले जाते. प्रस्तावना जॉर्ज हर्बर्ट वॉकर यांची, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थोरल्या बुश यांच्या आजोबांची.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून अस्पृश्यता अधिक वाईट ठरवली. गुलामाला कसबाची दारे उघडी होती, अस्पृश्याला ती बंद होती, असे त्यांनी मांडले. बुलक यांच्या बाबतीत हे तंतोतंत दिसते. क्लबाचे सदस्यत्व त्यांना मिळणार नव्हते, पण गोरे त्यांच्या हातचे पीत होते, वर त्या हातांची तारीफ करत होते. त्याच १९१७ मध्ये कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत होते. तिथे शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत आणि कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे.

ग्रीन यांचे पुढे काय झाले? २०१६ मध्ये कंपनी दीडशे वर्षे साजरी करत असताना ही कथा वृत्तपत्रात गाजली आणि २०१७ मध्ये कंपनीने त्यांना पहिले मुख्य कारागीर मानले. त्याच वर्षी फॉन वीव्हर या कृष्णवर्णीय उद्योजिकेने 'अंकल निअरेस्ट' नावाची व्हिस्की बाजारात आणली. (वयस्क कृष्णवर्णीयाला 'मिस्टर' म्हणावे लागू नये म्हणून गोरे 'अंकल' म्हणत, हेही लक्षात असू द्या.) आपले अनेक तरुण अशा बातम्यांवर खूश होतात. आम्हालाही आनंद झाला. पण नाव परत मिळणे आणि मालकी मिळणे यांत गल्लत नको. दीडशे वर्षांचे भांडवल ज्याच्याकडे साचले, त्याला नाव द्यायला काही पडत नाही. उलट त्याचीही जाहिरात होते. ज्याच्याकडे नावच आहे, त्याला बाकी सारे कर्जाने उभे करावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये सावकार संस्थेच्या दाव्यावरून न्यायालयाने 'अंकल निअरेस्ट' कंपनीवर रिसीव्हर नेमला. जॅक डॅनियल १९५६ पासून ब्राऊन-फॉर्मनच्या मालकीची आहे, आणि ती मालकी आजही तशीच आहे.