डोळ्यांचा अंदाज आणि फलकावरचा आकडा

अकरावीच्या वर्गात गतीची समीकरणे शिकवताना दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी मला विचारतो, "सर, चांगल्या चालकाला वेगमर्यादा कशाला हवी? रस्ता मोकळा आहे का, गाडी ताब्यात आहे का, हे त्याला दिसतेच. मग फलकावरच्या आकड्याने त्याला का अडवायचे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चालकाला पाऊस दिसतो, खड्डा दिसतो, रस्त्यात बसलेली गाय दिसते. फलकाला यांतले काहीच दिसत नाही. तो बारा महिने तोच आकडा दाखवीत उभा असतो. मग वेग किती ठेवायचा हे चालकाच्या अंदाजावरच सोडले तर काय होईल?

अमेरिकेतील माँटाना राज्याने हे करून पाहिले आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून मोठे असलेल्या या राज्याची लोकसंख्या त्या वेळी नऊ लाखांच्या आतच होती. लांबच लांब सरळ रस्ते आणि त्यांवर तुरळक वाहने! १९७४ साली, तेलटंचाईच्या काळात, अमेरिकेत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा लागू झाली. १९९५ च्या अखेरीस केंद्राचे हे बंधन उठताच माँटाना आपल्या जुन्या नियमाकडे परतले. दिवसा मोटारींना आकड्याची मर्यादा नाही. परिस्थिती पाहून वाजवी आणि शहाणपणाच्या वेगाने गाडी चालवावी, एवढेच कायद्याने सांगितले.

मार्च १९९६ मध्ये तेथील पोलिसाने एका चालकाला अडवले. त्याचा वेग होता ताशी ८५ मैल, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर. हवा स्वच्छ होती, रस्ता कोरडा होता, अपघात झालेला नव्हता. पोलिसाच्या मते हा वेग त्या रस्त्याला वाजवी नव्हता. मग किती वेग वाजवी ठरला असता? याचे उत्तर तो देऊ शकला नाही. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९९८ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने हा नियम संदिग्ध म्हणून रद्द केला. कोणत्या वेगाला गुन्हा सुरू होतो हे नागरिकाला आधी कळायलाच हवे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ. १९९९ मध्ये राज्याने मोठ्या महामार्गांवर ताशी ७५ मैलांचा आकडा ठरवला.

न्यायालयाचा मुद्दा कायद्याचा होता. मला त्यापुढचा, पदार्थविज्ञानाचा मुद्दा मांडायचा आहे. वाजवी वेग पोलिसाला सांगता आला नाही, तसाच तो चालकालाही नीट कळत नाही. कारण वेग मोजणारे इंद्रियच माणसाला नाही.

गॅलिलिओने बंद खोलीतल्या जहाजाचे उदाहरण देऊन हे कधीच सांगून ठेवले आहे. जहाज संथ पाण्यातून एकसमान वेगाने चालले असेल, तर आतल्या माणसाला ते चालले आहे की थांबले आहे हे कोणत्याही प्रयोगाने ओळखता येत नाही. आपल्या शरीराला वेग जाणवत नाही. वेगातला बदल, म्हणजे त्वरण, तेवढे जाणवते. एस.टी. सुरू होताना आपण मागे रेलतो आणि ब्रेक लागताच पुढे झुकतो. मधला सारा वेळ निवांत डुलकी काढतो.

मग चालक वेग ओळखतो कशावरून? मागे पळणारी झाडे, इंजिनाचा आवाज, बसणारे हादरे यांवरून. पण झाडे दूर असली, रस्ता रुंद व गुळगुळीत असला आणि काचा बंद असल्या की या सगळ्या खुणा पुसट होतात व वेग आहे त्याहून कमी भासतो. शिवाय डोळ्यांना वेगाची सवय होते. बराच वेळ वेगाने गेल्यावर मधला वेग फारच मंद वाटू लागतो. उन्हातून घरात आल्यावर घर अंधारे वाटते, त्यातलाच हा प्रकार.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पुण्याहून परतताना तासभर द्रुतगती मार्गाने ताशी ९५ च्या आसपास गाडी चालवली आणि मग बाहेर पडून गावाच्या रस्त्याला लागलो. आता आपण अगदी सावकाश, चाळिशीत चाललो आहोत, असे मी छातीठोकपणे सांगितले असते. सहज काट्याकडे पाहिले, तर ६५! तेवढ्यात शाळेच्या फाटकातून एक मुलगी सायकल घेऊन रस्त्यावर आली. गाडी थांबली ती सायकलीपासून दोन हातांवर. मुलगी निघून गेली. मी मात्र गाडी कडेला घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिलो. ब्रेक लावल्यावर लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे मी अठरा वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो.

तेच गणित आता तुमच्यासमोर मांडतो. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असे धरू. तोवर गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले ब्रेक गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रतिसेकंद इतका कमी करतात.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. या वेगाची गाडी दीड सेकंदात १७ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर ९ मीटरांत थांबते. एकूण अंतर २६ मीटर. समजा, मूल बरोबर एवढ्याच अंतरावर आहे. ते वाचले.

आता वेग ५० घ्या. दीड सेकंदात २१ मीटर गेले. ब्रेकसाठी उरले ५ मीटर, आणि हवे होते १४. गाडी मुलाजवळ पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ४० किलोमीटर उरलेला असतो. म्हणजे ४० ने जाणारी गाडी जिथे थांबली, तिथे ५० ने जाणारी गाडी ४० च्या वेगाने धडकते! हा धक्का साधारण साडेसहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून, खाली पडण्याइतका असतो.

आणि वेग ६० असेल तर? दीड सेकंदातच २५ मीटर संपतात. ब्रेकसाठी उरतो जेमतेम एक मीटर. गाडी जवळजवळ पूर्ण वेगाने आदळते. गच्ची आता चार मजल्यांची झाली! रस्ता ओला असेल आणि ब्रेकची पकड निम्म्यावर आली, तर ब्रेकसाठी लागणारे अंतर दुप्पट होते, ते वेगळेच.

मात्र चालकाच्या आसनावर बसलेल्याला ४० आणि ५० यांत काय फरक वाटतो? काहीच नाही. अंदाज फसतो तो इथे. डोळ्यांना दहाचा फरक किरकोळ दिसतो, आणि वर्गाचा नियम डोळ्यांना ठाऊक नसतो.

"पण अनुभवाने अंदाज सुधारतो ना?" असे तुम्ही म्हणाल. प्रयोगशाळेत आपण उपकरण प्रमाणित करतो ते त्याची चूक पुनःपुन्हा तपासून. रस्त्यावर मात्र चुकीच्या वेगाने शंभर वेळा गेलो तरी बहुतेक वेळा काहीच होत नाही, कारण त्या क्षणी मूल रस्त्यावर आलेले नसते. सुखरूप पोचलेला प्रत्येक प्रवास चालकाच्या कानात सांगतो, "तुझा अंदाज बरोबर होता." चूक कळते ती एकदाच, आणि तीही बहुधा दुसऱ्याच्या जिवावर. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकन व स्वीडिश विद्यार्थ्यांना स्वतःच्या गटातील चालकांशी आपली तुलना करायला सांगितली होती. अमेरिकन गटातील ८८ टक्के आणि स्वीडिश गटातील ७७ टक्के जणांनी स्वतःला गटातील मधल्या चालकाहून अधिक सुरक्षित ठरवले. मधल्यापेक्षा सरस असे निम्म्याहून जास्त लोक असूच शकत नाहीत, हे सांगायला गणिताचा प्राध्यापक नको.

तरीही चालकाच्या अंदाजाला काहीच किंमत नाही असे मी म्हणणार नाही. रस्ते-अभियंते तो मोजतात. मोकळ्या रस्त्यावर शंभरांपैकी ८५ वाहने ज्या वेगाच्या आत जातात, तो वेग मर्यादा ठरवताना विचारात घेण्याची पद्धत अमेरिकेत बरीच रूढ आहे. फलक लावणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, सरळ, रुंद, निर्मनुष्य रस्त्यावर कारण नसताना ३० चा फलक लावला, तर लोक तो मोडतातच. मग खऱ्या धोक्याच्या जागचा फलकही त्यांना खोटा वाटू लागतो. पण या मोजणीत एक मोठी उणीव आहे. मत मिळते ते गाडीतल्यांना. पायी चालणारी आजी आणि सायकलवरची मुलगी यांना कोणी विचारत नाही. जर्मनीच्या महामार्गांवर बऱ्याच भागांत मर्यादा नाही, असे मुले मला ऐकवतात. खरे आहे. पण तिथे पादचारी व सायकली यांना मज्जाव असतो, आणि तरीही १९७८ पासून ताशी १३० ची शिफारस आहेच. त्याच जर्मनीच्या गावांत सर्वसाधारण मर्यादा ५० आहे.

तेव्हा माझे मत असे. अंदाज हवाच, पण तो मर्यादेच्या खालच्या बाजूला वापरावा. फलकावरचा आकडा म्हणजे चांगल्या परिस्थितीतली कमाल मर्यादा. पाऊस, धुके, अंधार, शाळा सुटण्याची वेळ यांनुसार तिच्याखाली किती यायचे, हे चालकाने ठरवावे. तिच्यावर जाण्याचा निर्णय मात्र त्याच्या डोळ्यांवर सोडता येत नाही. दोन किलोमीटरचे गाव ४० ऐवजी ६० ने ओलांडून वाचतो एकच मिनिट!

तुमच्यापैकी अनेकांना लवकरच वाहन चालवण्याचा परवाना मिळेल. त्याआधी एक प्रयोग करा. शाळेच्या मैदानावर टेपने २६ मीटर मोजा. एका टोकाला मित्राला उभे करा आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही उभे राहा. अंतर पुष्कळ वाटेल. मग २१ मीटर चालत जा आणि थांबा. ताशी ५० च्या गाडीत तुमचा पाय आत्ता कुठे ब्रेकवर पडला आहे. मित्राकडे पाहा, आणि मग फलकावरचा आकडा योग्य की अयोग्य, हे तुम्हीच ठरवा.