डबा जुना चालंल, डिस्क नवी घ्या

सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोयाबीन बुडालं, त्याचे फोटो मोबाईलसंगंच गेले. पंचनाम्याला दाखवायला हातात काहीच नाही. म्हणून पुतण्यानं घरीच साठवणीचा सर्व्हर जोडायला घेतलाय. त्याचा जीव भारी प्रोसेसरवर! माझं म्हणणं, फोटो अन् सातबारा ठेवायला जुना कॉम्प्युटर बास झाला. पैसा डिस्कवर घाला. दोन टीबीच्या दोन, एकीची नक्कल दुसरीवर. सीएमआर हाय का विचारून घ्या. एसएमआर स्वस्त, पण खराब डिस्क बदलून नक्कल परत भरताना लई रखडते. यूपीएस तर आधी घ्या. लाईटचा नेम नाही, लिहिता लिहिता बंद पडलं की फाईल बिघडते. अन् नक्कल म्हंजे बॅकअप नव्हं, चुकून पुसलं तर दोन्हीकडचं जातं. तिसरी प्रत कळंबला पाहुण्यांकडं ठेवणार, त्यांचं घर उंचावर हाय.