ट्रिकने कॉमा येत नाही

स्पर्धा परीक्षांच्या क्लासांत इंग्रजी व्याकरण ज्या पद्धतीने शिकवले जाते, त्याविषयी हे पत्र. इंदापूर-बारामतीच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या आमच्या गावच्या मुलांना दोन ट्रिक तोंडपाठ आहेत. वाचताना श्वास घ्याल तिथे कॉमा द्या, आणि यादी असेल तर ‘आयएनजी’ जुळणारा ऑप्शन टिक करा. दुसरीने निदान कधीमधी मार्क तरी मिळतात. पहिली साफ चुकीची आहे.

‘द फार्मर्स हू पेड द वॉटर चार्जेस गॉट वॉटर’ याचा अर्थ, ज्यांनी पाणीपट्टी भरली तेवढ्यांनाच पाणी मिळाले. आता ‘फार्मर्स’नंतर एक आणि ‘चार्जेस’नंतर एक स्वल्पविराम द्या. सगळ्याच शेतकऱ्यांनी पट्टी भरली आणि सगळ्यांनाच पाणी मिळाले, असे ते वाक्य सांगू लागते. नीरा डाव्या कालव्याच्या टेलला ज्याचे रान आहे, त्याला हा फरक वेगळा समजावावा लागणार नाही. मराठीत हे काम ‘ज्यांनी-त्यांना’ करतात. मधला स्वल्पविराम गाळला तरी अर्थ हलत नाही. त्यामुळे मुले इंग्रजीतही त्याला शोभेपुरता धरतात, आणि श्वासाचा नियम त्यात भर घालतो.

दुसऱ्या ट्रिकमागच्या यादीचे, म्हणजे समांतर रचनेचेही तेच. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या दूधगाड्यांच्या चालकांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही, याची यादी कायद्यात होती : कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. कंपनी म्हणाली, डिस्ट्रिब्यूशन हे वेगळे काम. चालक म्हणाले, बाकी सगळी कामे ‘आयएनजी’ लावून आली आहेत, हा एकच शब्द तसा नाही. म्हणजे त्याची जोडी ‘शिपमेंट’शी, आणि आम्ही पॅकिंग करतच नाही. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने कायदा संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने अर्थ लावला. पुढच्या वर्षी कंपनीने ५० लाख डॉलरला तडजोड केली. ‘आयएनजी बघा आणि टिक करा’ म्हणणाऱ्या सरांनी इथे काय टिक केले असते? कुठला शब्द कुणाच्या जोडीचा, हे वाक्याचा अर्थ लावल्याशिवाय कळत नाही.

यावर उत्तर ठरलेले असते : पोरांना पोस्ट काढायची आहे, साहेब व्हायचे आहे, इंग्रजीचे प्राध्यापक नाही. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. तिथे उडवायला ऑप्शनच नाहीत, वाक्य स्वतःच लिहायचे आहे. आणि पोस्ट निघाल्यावर नोटीस, टेंडर, करारनामा यांवर सही कोण करणार? तिथे चुकलेल्या स्वल्पविरामाचे निगेटिव्ह मार्किंग दुसऱ्यालाच भोगावे लागते.

हे इंग्रजीचे परके खूळ आहे, असेही कुणी म्हणू नये. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली, तेव्हापासून ही चिन्हे आपलीही आहेत. मराठीतसुद्धा आपण ती नीट शिकवत नाही, हा खरा मूळ रोग.

क्लासचालकांना आणि हायस्कूलच्या शिक्षकांना विनंती एवढीच : आठवड्यातून एकदा गाईड बाजूला ठेवा. पाणी, दूध, पानमळा, काहीही विषय द्या, मुलांकडून दहा ओळी इंग्रजीत लिहून घ्या आणि लाल पेनाने तपासून परत द्या. पालकांनीही फी भरताना विचारावे, वही तपासणार कोण?

— एक वाचक, निमगाव केतकी (ता. इंदापूर, जि. पुणे)