छपराचा खर्च कोणी करायचा?

अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद मिळाल्यापासून गुजरातेत नव्या स्टेडियमच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत. त्या व्हायलाच हव्यात. पण स्पर्धेसाठी बांधलेल्या मैदानांवर खेळाडू पोचतात ते कुठल्यातरी महाविद्यालयाच्या, विद्यापीठाच्या साध्या सभागृहात घाम गाळूनच. सुरतचे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ १९६५ मध्ये स्थापन झाले. भरूचपासून वलसाड-डांगपर्यंतची मुले त्याच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. अशा विद्यापीठाच्या क्रीडासंकुलाची दुरुस्ती निघाली, की राज्य कोणतेही असो, वाद एकाच जागी अडतो: पैसे कोणी द्यायचे? विद्यापीठ सरकारकडे बोट दाखवते, सरकार विद्यापीठाच्या ठेवींकडे, आणि महापालिका म्हणते की आवार आमचे नाही.

या टोलवाटोलवीचे मूळ व्यवस्थेतच आहे. राज्यघटनेत खेळ हा राज्यसूचीतला विषय, तर शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत गेले. विद्यापीठाचे क्रीडासंकुल या दोहोंच्या सीमेवर उभे आहे. पंचवार्षिक योजना होत्या तोवर विद्यापीठ अनुदान आयोगाकडून विकास अनुदान येत असे. २०१७ मध्ये तो काळ संपला. उच्च शिक्षणासाठीच्या २०१३ च्या ‘रुसा’ योजनेत केंद्र-राज्य हिस्सा आधी ६५:३५ होता, पुढे तो ६०:४० असा ठरला. ‘खेलो इंडिया’तून नव्या सुविधांना आणि दर्जावाढीला पैसा मिळतो. पण उभारलेली वास्तू वर्षानुवर्षे चालवायचा खर्च ज्याचा त्याने पाहायचा असतो. म्हणजे कोनशिलेला पैसा आहे, झाडूला आणि छपराला नाही.

छपराची गोष्ट मुद्दाम काढली. पत्र्याला स्क्रू मारतात तिथला रबरी वॉशर काही उन्हाळ्यांत वाळून तडकतो. सुरतेचा पाऊस वाऱ्याबरोबर तिरपा येतो, पाणी स्क्रूच्या भोकातून उतरते आणि थेट लाकडी तळावर पडते. बॅडमिंटनचा तळ फळ्यांचा, खाली पोकळी ठेवून बसवलेला. ओल आत मुरली की फळ्या फुगतात, सांधे वर येतात. मग त्या कोपऱ्यात बादली ठेवली जाते, पुढे एक कोर्ट बंद होते, त्यानंतर दुसरे. वॉशर बदलण्याचा खर्च किरकोळ होता. तो कोणत्या खात्यातून करायचा हे ठरले नाही म्हणून तळच नव्याने घालायची वेळ आली.

आणि तळ बदलायचा म्हटले की कागद फिरू लागतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा. निविदा उघडेपर्यंत दरसूची बदललेली असते, म्हणून सुधारित अंदाजपत्रक. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले नाही तर दुसरा हप्ता अडतो, ठेकेदार काम सोडतो. प्रत्येक टेबलावरचा माणूस नियमानेच वागतो, तरीही तीन वर्षांच्या पदवीत एका मुलाला ते सभागृह उघडे दिसतच नाही. त्याच्या वाट्याची वर्षे कोणतेही सुधारित अंदाजपत्रक परत देऊ शकत नाही.

सुरतेने दुसरी बाजूही पाहिली आहे. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत टेबल टेनिस आणि बॅडमिंटनचे सामने महापालिकेच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये झाले, आणि हरमीत देसाई, मानव ठक्कर या सुरतच्याच खेळाडूंनी गुजरातच्या पुरुष टेबल टेनिस संघाला घरच्या प्रेक्षकांसमोर सुवर्ण जिंकून दिले. स्पर्धा आली की प्रकाशझोत, वातानुकूलन, आसने, सगळे वेळेत होते. पुण्याचे बालेवाडी संकुलही १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी पुन्हा सजले. मोठ्या स्पर्धेच्या तारखेची वाट पाहण्याची ही सवय विद्यापीठाला परवडणारी नाही, कारण विद्यापीठात दर जूनला नवी तुकडी येते.

ही तुकडी कोणाची, हेही पाहा. डांग जिल्ह्यातल्या कराडी आंबा गावची सरिता गायकवाड २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत चार गुणिले चारशे मीटर रिलेत सुवर्णविजेत्या संघात होती. त्याच जिल्ह्यातल्या मुरली गावितने २०१९ मध्ये दोहा येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवले. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोलीत राहणाऱ्या आपल्या खानदेशी कुटुंबांतली मुले महापालिकेच्या मराठी शाळांतून पुढे महाविद्यालयांत जातात. घरचे लूमवर, साडीच्या बाजारात राबतात. खासगी क्लबची फी त्यांच्या आवाक्याबाहेरची. विद्यापीठाचे सभागृह बंद पडले तर या मुलांना दुसरा दरवाजाच नाही. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपण ती कहाणी अभिमानाने सांगतो. पण शिक्षकाला घर गहाण टाकावे लागणे हा व्यवस्थेचा पराभव होता, हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

गुजरातेत आणखी एक अडचण आहे. २०२३ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने राज्यातल्या अकरा विद्यापीठांतली सिनेट-सिंडिकेटची जुनी रचना गेली आणि व्यवस्थापन मंडळ आले. सिनेटमध्ये राजकारण पुष्कळ चाले, हे खरे. तरी अंदाजपत्रकावर उभे राहून ‘क्रीडाशुल्काचे काय केले?’ असे विचारणारे निवडून आलेले कोणीतरी तिथे होते. आता तो प्रश्न विचारायची जागा आक्रसली आहे. म्हणून हिशेब आपणहून मांडण्याची जबाबदारी मंडळावर अधिक येते.

आमची मागणी अवाजवी नाही. विद्यार्थ्यांकडून घेतलेले क्रीडाशुल्क स्वतंत्र खात्यात राहावे, त्याचा जमाखर्च दरवर्षी जाहीर व्हावा. प्रदर्शने आणि समारंभांसाठी सभागृह भाड्याने द्यायचे तर द्या. ते भाडे मात्र सर्वसाधारण निधीत न मिसळता देखभालीलाच लागावे, आणि परीक्षा वगळता संध्याकाळचे तास विद्यार्थ्यांचे राहावेत. महापालिकेला शहरातल्या मुलांसाठी वेळ हवा असेल तर तिने खर्चाचा वाटा लेखी करारात मान्य करावा. राज्य सरकारने नूतनीकरणाचा पहिला रुपया देण्याआधी पुढच्या पंधरा वर्षांची देखभाल कोण पाहणार, हे कागदावर घ्यावे. नवे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, पाऊस जूनमध्ये. देखभाल निधीचे वेगळे लेखाशीर्ष या दोन तारखांच्या आत अंदाजपत्रकात दिसले पाहिजे.