वाळू नदीची, मैदान गावाचे

समुद्रापासून जवळपास दोनशे किलोमीटर दूर असलेल्या बेलापुरात ‘बीच व्हॉलीबॉल’चे मैदान उभारावे, ही सूचना प्रथमदर्शनी थट्टेचा विषय वाटण्याची शक्यता आहे. नवी मुंबईतील खाडीकाठच्या बेलापूरशी असलेल्या नामसाम्यामुळे काही गल्लत झाली असावी, असेही एखाद्या वाचकास वाटेल. तशी गल्लत झालेली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील, श्रीरामपूर तालुक्यातले, प्रवरेच्या काठचे बेलापूरच येथे अभिप्रेत आहे. आणि या सूचनेचा विचार क्रीडेइतकाच अर्थकारणाच्या अंगाने व्हावा, अशी प्रस्तुत लेखकाची विनंती आहे.

या खेळास समुद्र लागतो, हा पहिला गैरसमज. त्यास लागते ती वाळू. १९९६ साली अटलांटा येथे या खेळाचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला, तेव्हा त्याचे मैदान समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत होते. २०१२ साली लंडनमध्ये लष्करी संचलनाच्या चौकात वाळू आणून टाकण्यात आली, तर २०२४ साली पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याच्या पायथ्याशी सामने झाले. या खेळास उष्ण हवामान हवे, हा दुसरा गैरसमज. ज्या स्वित्झर्लंडला समुद्रकिनाराच नाही आणि जेथील हिवाळा बर्फाचा, त्या देशाने २००४, २०२१ आणि २०२४ साली या खेळात ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. टोकियोचे पुरुषांचे सुवर्णपदक नॉर्वेच्या मोल आणि सोरुम या जोडीकडे गेले, पॅरिसचे स्वीडनकडे. हे देश हिवाळ्यात बंदिस्त सभागृहांत वाळू पसरून सराव करतात. आपल्याकडे पौषातील पहाट बोचरी असते, पायाखालची वाळू गार लागते, हे खरे. पण सूर्य वर आला की दिवसभर खेळावे अशी हवा असते. किंबहुना आपली खरी अडचण थंडीची नसून चैत्र-वैशाखातील तापलेल्या वाळूची आहे, आणि तिच्यावर पाणी शिंपडणे व सकाळ-संध्याकाळच खेळणे हा सोपा उपाय आहे.

बाहेरून माती आणून तिच्यावर खेळण्याची कल्पना मराठी माणसास नवीन नाही. गावोगावच्या तालमीतील हौदा पाहावा. त्यातील लाल माती बहुधा त्या गावची नसते. ती दुरून आणलेली, चाळलेली, ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून मुरविलेली असते. काळ्या मातीच्या मुलखात लाल मातीचा हौदा कोणास विपरीत वाटला नाही. मग वाळूचा हौदा तरी का वाटावा?

आता हाच खेळ का, या प्रश्नाकडे वळू. आपल्या भागात व्हॉलीबॉल जुना आहे. दोन खांब रोवून जाळे बांधले की खेळ सुरू होतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि दगडासारखी टणक होते. पावसाळ्यात तिचा चिखल होतो. अशा जमिनीवर चेंडूसाठी झेप घेणे म्हणजे गुडघा व कोपर फोडून घेणे होय. वाळूवर पडण्याची भीती जाते, आणि पडण्याची भीती गेल्याखेरीज नवशिका खेळाडू धीटपणे खेळत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. नेहमीच्या व्हॉलीबॉलला बारा खेळाडू लागतात. येथे प्रत्येक बाजूस दोघे, म्हणजे चौघे पुरतात. गावात बारा मुली एका वेळी, एका ठिकाणी, घरच्यांच्या संमतीने जमविणे किती कठीण असते, हे ग्रामीण शाळेतील कोणताही शिक्षक सांगेल. चार मुली मात्र जमू शकतात. पोशाखाचा आक्षेप येईल. त्यास उत्तर असे की, आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ सालीच पोशाखाचे नियम शिथिल केले, आणि २०१६ साली रिओ येथे इजिप्तच्या महिला पूर्ण बाह्यांच्या व पायघोळ पोशाखात खेळल्या. आपल्या मुलींनी ट्रॅकसूट घालून खेळण्यास कोणाचीच आडकाठी नाही.

खर्चाचा हिशेब मांडून पाहू. मैदान सोळा मीटर लांब व आठ मीटर रुंद. भोवती किमान तीन मीटर मोकळी जागा. म्हणजे एकूण क्षेत्र बावीस गुणिले चौदा, ३०८ चौरस मीटर. नियमाप्रमाणे वाळूचा थर किमान चाळीस सेंटिमीटर हवा. ही वाळू सुमारे १२३ घनमीटर, आपल्या व्यवहारातील मापाने साधारण ४४ ब्रास भरते. तिच्याखाली खडीचा थर आणि पाणी निघून जाण्यास चर हवा. अन्यथा काळी माती फुगून वर येईल. खांब, जाळे आणि चेंडू हा त्यामानाने किरकोळ खर्च. म्हणजे या मैदानाचा प्रश्न मुख्यतः वाळूचा आहे, आणि वाळू म्हटले की आपल्या जिल्ह्यात खेळाची चर्चा संपते व दुसरीच चर्चा सुरू होते.

राज्य शासनाने २०२३ साली सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले, तेव्हा राज्यातील पहिला वाळू डेपो याच श्रीरामपूर तालुक्यात, नायगाव येथे, १ मे रोजी सुरू झाला. त्या दराने आपल्या मैदानाची वाळू, वाहतूक वगळता, २६,४०० रुपयांत आली असती. पुढे २०२५ च्या धोरणाने डेपोपद्धती मोडीत काढून पुन्हा लिलावाचा मार्ग धरला. धोरणे बदलली, तरी रात्रीच्या अंधारात पात्रात उतरणारे ट्रॅक्टर थांबलेले नाहीत. नदीची वाळू ही नुसती बांधकामाची सामग्री नव्हे. ती पाणी धरून ठेवते, काठच्या विहिरींना पाझर देते. तिची किंमत ठरविताना बाजार उपशाची मजुरी, वाहतूक आणि दलाली धरतो. कोरड्या पडलेल्या विहिरीची किंमत त्यात कोठेच धरली जात नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा जो अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला, त्यात प्रत्यक्ष लाभांबरोबरच अप्रत्यक्ष लाभही मोजले होते. कालव्याने जे दिले ते मोजण्याची शिस्त या मुलखाच्या अभ्यासातूनच घडली. उपशाने जे नेले ते मोजण्याची शिस्त मात्र आपण अद्याप अंगी बाणवलेली नाही.

तेव्हा मैदानासाठी प्रवरेतून एक पाटीही नव्याने उपसू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू टोकदार असते आणि तिच्यातील भुकटी दबून घट्ट बसते. ती अनवाण्या पायांस योग्य नाही. मग वाळू आणावी कोठून? अवैध उपशाच्या कारवाईत महसूल यंत्रणा जी वाळू जप्त करते, ती पुन्हा लिलावाने बाजारातच जाते. त्या जप्त वाळूपैकी ४४ ब्रास, मोजमाप करून व नोंदवहीत लिहून, सार्वजनिक मैदानासाठी द्यावी, अशी मागणी ग्रामपंचायतीने जिल्हा प्रशासनाकडे करावी.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. घरकुलाच्या लाभार्थ्यास पाच ब्रास वाळूसाठी खेटे घालावे लागत असता खेळासाठी ४४ ब्रास द्यावी काय? हा सुमारे नऊ घरकुलांचा वाटा आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. घरकुलाचा हक्क पहिला, हेही मान्य. म्हणून त्यांची मागणी पुरी झाल्यावर उरेल त्यातूनच, प्रसंगी दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, ही वाळू घ्यावी. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. भिंतीत गेलेली वाळू कायमची खर्ची पडते. मैदानातील वाळू खर्ची पडत नाही. ती भांडवल म्हणून राहते, पिढ्यान्‌पिढ्या वापरता येते, आणि गरज सरली तर उचलून अन्यत्र नेता येते. शिवाय चोरलेली वाळू मुलांच्या पायाखाली सर्वांच्या डोळ्यांदेखत पसरलेली दिसणे, याचे लोकशिक्षण म्हणून जे मोल आहे, ते रुपयांत सांगता येणार नाही.

खरी कसोटी उभारणीची नसून देखभालीची आहे. सर्वांचे ते कोणाचेच नाही, हा सार्वजनिक मालमत्तेस जडलेला जुना रोग. व्यायामशाळांचे गंजलेले साहित्य आणि कुलूप लागलेली सभागृहे आपण पाहतोच. वाळू तर अधिक नाजूक. तिच्यात काचा येतात, कुत्री-मांजरे घाण करतात, आणि राखण नसेल तर एखाद्या रात्री तीच वाळू पुन्हा ट्रॅक्टरमध्ये भरली जाते! म्हणून मैदान गावाबाहेर न करता शाळेच्या वा महाविद्यालयाच्या आवारात, कुंपणाच्या आत करावे. वाळू चाळणे, सपाट करणे आणि पावसाळ्यात ताडपत्री घालणे ही कामे खेळणाऱ्यांकडेच सोपवावीत. तालमीत हौदा उकरल्यावाचून कुस्ती मिळत नसे. तोच नियम येथे असावा. मुलींसाठी ठरावीक वेळ राखून ठेवावी आणि ती वेळ फलकावर लिहावी.

यातून ऑलिंपिकपटू निपजतील, वा नोकऱ्या मिळतील, असे आमिष दाखविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अर्थात २०२५ साली दीव येथे झालेल्या पहिल्या खेलो इंडिया बीच क्रीडास्पर्धांत समुद्र नसलेले मणिपूर पदकतालिकेत अव्वल ठरले, हे विसरू नये. परंतु पदक हा या प्रस्तावाचा आधार नव्हे. संध्याकाळी मोकळ्या असलेल्या तरुणास आज आपल्या गावात दोनच जागा सहज खुल्या आहेत: एक चौकातील कट्टा, दुसरी वाळूच्या ट्रॅक्टरवरील फावडे. तिसरी जागा निर्माण करणे आपल्या हाती आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा, जप्त वाळूचा हिशेब जाहीरपणे मागितला जावा, आणि त्या चर्चेत शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी भाग घ्यावा. मैदान होण्यास कदाचित वेळ लागेल. परंतु वाळूचा हिशेब मागण्याची सवय गावास लागली, तरी तो लाभ लहान म्हणता येणार नाही.